गोव्याचा शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर वासालो ई सिल्व्हा, सैन्यातला आणि घरातला, कोणाला माहिती आहे का?

माशेलची वाचक
नमस्कार मंडळी, आमच्या वाचनालयात 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, मुलांसमोर थोडं बोलायचंय. सत्याग्रही, आग्वादचा तुरुंग, ऑपरेशन विजय यावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतंच, म्हणून या खेपेला म्हटलं समोरच्या बाजूचा माणूस घेऊया, जनरल वासालो ई सिल्व्हा. शाळेत एवढंच शिकलो की शरणागतीवर सही केली. पण तो सैन्यात नक्की काय करायचा, घरचे कोण, परत गेल्यावर त्याचं काय झालं? आणि मुलांना त्याच्याबद्दल आदराने सांगायचं की नाही तेही मला ठरवता येत नाहीये, खरंच सांगा.

बाणास्तारकर
ताई, विषय एकदम छान घेतलाय. जन्म 1899 चा, पोर्तुगालमधल्या तोर्रेस नोव्हास नावाच्या गावातला, आणि मूळचा इंजिनिअर अधिकारी, म्हणजे लढाया मारणाऱ्यांतला नव्हे तर बांधकामं उभी करणाऱ्यांतला. 1958 ला गव्हर्नर जनरल म्हणून पणजीत आला. 61 च्या डिसेंबरात त्याच्या हाताशी साधारण साडेतीन हजार सैनिक, लढाऊ विमान एकही नाही, आणि सीमेवर आपलं सैन्य त्याच्या दहा-बारा पट. तशात 14 डिसेंबरला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा संदेश आला की निदान आठ दिवस तरी झुंजा, शरणागती नाही, कैदी होणं नाही, आमचे सैनिक एकतर जिंकलेले नाहीतर मेलेले. लिस्बनमध्ये खुर्चीत बसून हे लिहायला काय जातं! याने पूल उडवले, आमच्या बाणास्तारीचासुद्धा, पण पुढे वास्कोला जाऊन 19 तारखेला रात्री साडेआठच्या सुमारास ब्रिगेडियर ढिल्लन यांच्यासमोर शस्त्रं खाली ठेवली. तिथे उजेड नव्हता, गाड्यांच्या हेडलाइट लावून त्या प्रकाशात तो सगळा कार्यक्रम झाला. मुलांना हा प्रसंग नक्की सांगा, डोळ्यासमोर उभा राहतो.

अजून एक, याच्या थोडं आधी 9 डिसेंबरला 'इंडिया' नावाचं जहाज तिमोरहून लिस्बनला जाताना मुरगावला लागलं होतं. लिस्बनची ताकीद होती की कोणाला चढू द्यायचं नाही. याने ती मानली नाही आणि सातशेच्या आसपास पोर्तुगीज नागरिकांना चढवून दिलं. जहाजाची क्षमता 380 ची, लोक संडासातसुद्धा दाटीवाटीने बसून गेले.

पुस्तकवेडी, मडगाव
घरच्यांचं मी सांगते कारण मला त्याच्यापेक्षा त्याची बहीणच जास्त आवडते. मारिया लामास, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, पोर्तुगालमधली नावाजलेली लेखिका, पत्रकार आणि सालाझारची कट्टर विरोधक. तिचा पहिला नवराही सैन्यातलाच, त्याच्याबरोबर तरुणपणी अंगोलात राहिली, पुढे घटस्फोट घेऊन दोन मुलींना सांभाळत वर्तमानपत्रांत काम करायला लागली, त्या काळात हे किती अवघड असेल बघा. बायकांच्या मासिकाची कितीतरी वर्षं संपादक होती, मग गावोगाव हिंडून शेतात नि दर्यावर राबणाऱ्या बायकांवर मोठं पुस्तक केलं. ती ज्या महिला संघटनेची अध्यक्ष होती ती सरकारने 1947 ला बंद केली आणि तिला स्वतःला तुरुंगात टाकलं, एकदा नव्हे. म्हणजे धाकटा भाऊ सालाझारचा गव्हर्नर म्हणून आपल्या पणजीत आणि थोरली बहीण त्याच सालाझारच्या पोलिसांच्या यादीत. 1962 साली तर दोघांचीही परवड झाली, तो युद्धकैदी म्हणून सुटून बदनाम होऊन घरी पोचला आणि ती त्याच वर्षी देश सोडून पॅरिसला गेली ती 1969 पर्यंत तिथेच.

आग्वाद
सगळं वाचलं, चांगलं लिहिलंय, पण मला राहवत नाही म्हणून लिहितो. हे सगळे पाखले, म्हणजे पोर्तुगीज गोरे, आपल्या घरात चारशे वर्षांवर बसले होते हे मुलांना आधी सांगा. 1955 चा सत्याग्रहींवरचा गोळीबार याच्या आधीच्या गव्हर्नरच्या वेळचा हे मान्य, पण याच्या कारकिर्दीत काही तुरुंग रिकामे झाले नव्हते. गोवा मुक्तीसाठी लढणारे मोहन रानडे बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि गोवा मुक्त झाला तरी ते लिस्बनजवळ काशियसच्या किल्ल्यात सडत होते, 1969 ला सुटले. आपण इथे झेंडे लावत होतो तेव्हा तो माणूस तिथे एकांतकोठडीची वर्षं काढत होता. आदर द्यायचा तर आधी त्यांना, मग जनरलचं बोला.

पुस्तकवेडी, मडगाव
काका, शंभर टक्के पटलं. आणि योगायोग बघा, मारियालासुद्धा काशियसमध्येच डांबलं होतं.

बाणास्तारकर
काका म्हणतात ते बरोबर, तरी शरणागती पत्करली म्हणून इकडची नि तिकडची किती पोरं जगली तेही मुलांना कळायला हवं. तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक कैदेत होते, बरेचसे फोंड्याच्या कॅम्पात, मे 62 मध्ये दाबोळीहून विमानाने कराची आणि तिथून जहाजाने घरी. लिस्बनला उतरले तर स्वागताला बंदूक रोखलेले लष्करी पोलीस. आपल्याच लोकांनी असं करावं! 1963 ला वासालोला आणखी काही अधिकाऱ्यांसोबत सैन्यातून बडतर्फ केलं, भेकड ठरवून. 74 ला तिकडे क्रांती झाली तेव्हा त्याचा हुद्दा परत मिळाला, तेव्हा तो पंचाहत्तरीला आलेला आणि बहीण ऐंशीची, दोघंही हयात. पुढे तो गोव्यात येऊन गेला, आणि लोकांनी त्याचं चांगलं स्वागत केलं. 1985 ला वारला.

माशेलची वाचक
सगळ्यांचे खूप आभार. काकांचं ऐकून सुरुवात रानड्यांपासून करते, मग काशियसवरून मारिया आणि तिच्यावरून भाऊ, असं सरळ जुळतंय. एकच विचारायचं राहिलं, फोंड्याचा कैद्यांचा कॅम्प आठवणारं कोणी जुनं माणूस कोणाच्या ओळखीत आहे का? असेल तर मी घरी येऊन भेटेन, मुलांनाही दोघातिघांना आणेन.