सोमवारची सुट्टी आणि पाळकसाहेब

पाळकसाहेब, चर्चमधल्या रविवारच्या धावपळीनंतर सोमवारी सुट्टी घेतली की अपराधी वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर एकांनी बायबलमधलं मार्क 6:31 दाखवून 'प्रभूनेच विसावा घ्यायला सांगितलंय' म्हटलं. बरोबर, पण तो अध्याय पुढेही वाचा की. जेवायलाही सवड नव्हती म्हणून शिष्यांना घेऊन येशू होडीतून एकांतात निघाला, तर लोक पायीच त्यांच्या आधी तिथे हजर! त्या दिवशी विसावा बुडालाच. पण 5 हजारांना जेवू घातल्यावर त्यानं लोकांना निरोप दिला आणि एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेला. निरोप देणं आपल्याकडे कुणाला जमतं?

आमच्या बेळगाव भागात रविवारी सकाळी मराठी उपासना, मग कन्नड, दुपारी खानापूरकडच्या वाडीत प्रार्थनासभा. घरोघरी चहा, 'बसा की ओ' म्हणून आग्रह. रात्री दहाला कुणाच्या तरी पोराच्या ॲडमिशनसाठी फोन. सोमवारी माणूस उरतो कुठं?

बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागत रतामाच्या झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूतानं उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो जेवला, झोपला, परत उठवून जेवू घातलं. होरेब डोंगराची वाट त्यानंतर. (आपण मात्र थकलेल्या पाळकाला उपासप्रार्थना सुचवतो!)

म्हणून सोमवारचा फोन चर्चच्या कमिटीतल्या एकाकडे द्या. मयत किंवा दवाखाना असेल तरच तुम्हाला कळवायचं. पहिले काही आठवडे कुरकुर होईल, तुमच्या बाईसाहेबांनाही ऐकावं लागेल. ते कमिटीनं निस्तरावं.