मन सावरलं, ९ किलो वाढले. याला किरकोळ का म्हणायचं?

शाळाबाई

दोन वर्षांपूर्वी मला नैराश्याचं निदान झालं. पहाटे तीनला झोप उडायची ती उडायचीच. ताट समोर आलं की मळमळायचं. माझं नेहमीचं वजन ५२ किलो, ते चार महिन्यांत ४७ वर आलं. वर्गात फळ्याकडे तोंड करून रडायचे, मुलांना वाटायचं बाई लिहितायत.

मानसोपचारतज्ज्ञांनी मिर्टाझापीन सुरू केलं, रात्री एक गोळी. तिसऱ्या रात्री मी सलग सात तास झोपले. महिन्याभरात एका सकाळी मी पोह्यांची दुसरी बशी मागितली, तेव्हा आईने पदर डोळ्यांना लावला. हे आधी सांगते, कारण मी गोळ्यांच्या विरोधात नाही. त्या गोळीनेच मला पुन्हा वर्गात उभं केलं.

पण भूक ५२ वर थांबली नाही. साडेनऊला गोळी घ्यायची आणि साडेदहाला मी ओट्यापाशी उभी राहून उरलेला भात, फरसाण, गूळपोळी, जे हाताला लागेल ते खात असायची. पोट भरलेलं असायचं, हात मात्र डब्यात. आठ महिन्यांत वजन ६१. उंची पाच फूट एक इंच. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात, २५ च्या पुढे स्थूलता. माझा २५ च्या पुढे गेला. तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, ५.४ होती ती ५.९ झाली. माझ्या वडिलांच्या पायाचं बोट मधुमेहामुळे काढावं लागलं, ती जखम रोज मी धुतली आहे. त्यामुळे मला कुणी ‘दिसण्याचं काय घेऊन बसलीस’ म्हटलं की फार लागतं.

डॉक्टरांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, ‘आधी मन सावरू दे, वजनाचं नंतर बघू.’ तिसऱ्यांदा सांगायची लाज वाटली. त्यांच्या खोलीत वजनकाटासुद्धा नव्हता. मग श्रावणात मी गोळी अर्धी केली, गणपतीत बंद केली. नवऱ्यालाही सांगितलं नाही. दिवाळीत चकलीची भाजणी आणून ठेवलेली तशीच राहिली, मला अंथरुणातून उठवेना. पुन्हा पहाटेचे तीन. पुन्हा तीच गोळी.

माझं म्हणणं असं, की गोळी लिहून देतानाच वजनाबद्दल बोललं पाहिजे, दर भेटीत वजन केलं पाहिजे आणि वाढत असेल तर गोळी बदलण्याचा विचार झाला पाहिजे. ‘नंतर बघू’ ऐकलेला माणूस गोळी चोरून सोडतो. मी सोडली.

धाकटी बहीण

ताई, तुमचा त्रास खोटा नाही. पण तुमच्या मताला माझा पूर्ण विरोध आहे आणि तो का आहे ते सांगते.

माझा भाऊ २६ वर्षांचा होता. एस्सिटॅलोप्रॅम या नैराश्याच्या गोळीवर छान सावरत होता, नोकरीवर परत जायला लागला होता. चार-पाच किलो वाढले. मित्रांनी ‘काय रे, लग्न मानवलं का’ म्हणून चिडवलं, त्याचं लग्नही झालं नव्हतं. त्याने इंटरनेटवर वाचलं की या गोळ्यांनी माणूस सुजतो, आणि एका दिवसात गोळ्या बंद केल्या. आधी चक्कर, मग डोक्यात करंट बसल्यासारखे झटके. तीन-चार आठवड्यांनी तो परत त्याच अंधारात गेला. त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला. अतिदक्षता विभागाच्या बाहेर सहा दिवस बसलेलं माणूस वजन किती हे विचारत नाही.

आजारी मन गोळी न घेण्याचं कारण शोधतच असतं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी ‘वजन वाढेल’ म्हटलं असतं तर माझ्या भावाने पहिली गोळीही घेतली नसती. आधी माणूस जगू दे. साखर, वजन, कोलेस्टेरॉल यांच्यावर पुढे इलाज करता येतो.

ओपीडीतून

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. दोन्ही लिहिणं वाचून थोडं सविस्तर लिहितो.

शाळाबाईंना ४७ किलोवर, झोप आणि भूक गेलेली असताना मिर्टाझापीन देणं ही चूक नव्हती. ती गोळी शरीरातल्या हिस्टामीन नावाच्या रसायनाची एक वाट अडवते. सर्दीच्या जुन्या गोळ्या घेतल्यावर पेंग येते ती त्याच वाटेने. झोपही त्यामुळे येते आणि भूकही बरीचशी त्यामुळेच. म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत जे औषध होतं तेच पुढे त्रास झालं. ४७ वरून ५२ हे बरं होणं आहे, ते दुष्परिणामात मोजू नये. ५२ वरून ६१ मात्र मोजायलाच हवं, आणि तिथे डॉक्टरांनी थांबून पाहिलं नाही, हे मला पटत नाही.

नैराश्याच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मिर्टाझापीन आणि जुनी अमिट्रिप्टिलीन यांनी वजन जास्त वाढतं. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या एसएसआरआय गटात पॅरॉक्सेटीन त्याबद्दल ओळखली जाते. फ्लुओक्सेटीनने सुरुवातीला भूक थोडी कमीही होते. ब्युप्रोपिऑनने वजन सहसा वाढत नाही, पण फिट येणाऱ्यांना आणि खाण्याचे विकार असलेल्यांना ती देत नाहीत, काहींची झोप बिघडते. ‘वजन न वाढवणारी द्या’ इतकं हे सोपं नाही.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ८३ हजार रुग्णांच्या नोंदींवरून नैराश्याच्या आठ गोळ्यांची तुलना प्रसिद्ध झाली. मिर्टाझापीन त्या आठांत नव्हती. सहा महिन्यांनी एस्सिटॅलोप्रॅम घेणाऱ्यांचं वजन सर्ट्रालीन घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ४०० ग्रॅमच्या आसपास जास्त वाढलेलं होतं, ब्युप्रोपिऑनवर २०० ग्रॅमच्या आसपास कमी. सरासरी फरक इतकाच. पण सरासरीत ज्याचं काहीच वाढलं नाही तोही असतो आणि ज्याचे सहा किलो वाढले तोही. त्याच नोंदींत मला जास्त टोचलेली गोष्ट वेगळी आहे. सहा महिन्यांनी गोळी नियमित घेणारे लोक आठांपैकी कुठल्याच गोळीत निम्मेसुद्धा नव्हते.

धाकट्या बहिणीला एवढंच म्हणेन, की भावाला इंटरनेटने सांगितलं ते डॉक्टरांनी आधी सांगितलं असतं आणि सोबत ‘वाढलं तर माझ्याकडे या, आपण बदलू, एकदम बंद करू नका’ हेही सांगितलं असतं, तर कदाचित तो डॉक्टरांकडे गेला असता. मी ‘कदाचित’च म्हणतोय.

टेकडीवाला

गोळी बदलण्याआधी रोज टेकडी चढा. मी तळजाईला पाच वर्षं जातोय. रात्रीचा भात बंद केला, गोड बंद. माझी गोळी चालूच आहे, वजन एक किलोही वाढलेलं नाही. दोष प्रत्येक वेळी औषधाला देऊ नये.

निळी शाई

टेकडीवाले काका, तुमचं वजन वाढलं नाही याचा आनंद आहे. पण मी सांगते नैराश्यात टेकडी म्हणजे काय. मला पलंगापासून बाथरूमपर्यंत जायला दुपार व्हायची. केस आठ-आठ दिवस विंचरलेले नसायचे. त्या माणसाला ‘चाला’ म्हटलं की तो चालत नाही, तो स्वतःला आळशी म्हणायला लागतो. आणि शाळाबाईंची साडेदहाची भूक निश्चयाने आवरणारी भूक नाही, ती गोळीतून आलेली आहे हे वर डॉक्टरांनीच लिहिलंय.

टेकडीवाला

बोलण्यात जोर जास्त झाला, मान्य. पण मुद्दा सोडत नाही. मीही पलंगावरच होतो. माझ्या समुपदेशक बाईंनी टेकडी सांगितली नव्हती, त्यांनी सांगितलं होतं की दाराबाहेर जाऊन दूध आणा, मन तयार होण्याची वाट बघू नका. पंधरा दिवस फक्त दूध आणलं. मग कोपऱ्यापर्यंत. चालणं मी वजनासाठी सुरूच केलं नव्हतं, ते माझ्या उपचाराचा भाग होतं. म्हणून म्हणतो, ते फक्त गोळीच्या नावावर सोडू नका.

बीडची आशा

मी आशा सेविका आहे. तुमच्या चर्चेत एक गोष्ट राहतेय. गोळी निवडायची म्हणजे निवडीला दोन गोळ्या तरी पाहिजेत. आमच्याकडे मानसिक आजाराचे डॉक्टर म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण, बसने दोन तास, त्या दिवसाची मजुरी बुडते. खिडकीवर जी फुकट मिळते ती घ्यायची.

माझ्या वस्तीवर एक बाई आहे, नवरा गेल्यावर तिला बोलवतही नव्हतं. अमिट्रिप्टिलीन चालू झाली. झोप लागली, बोलायला लागली. अंगही धरलं. गावात सगळे म्हणाले, सुधारली गं बाई! तिलाही आधी बरं वाटलं. मग कापूस वेचताना गुडघे भरून यायला लागले, तोंड सारखं कोरडं, हातातल्या बांगड्या उतरेनात. मला म्हणाली, ‘ताई, सगळे म्हणतात तब्येत सुधारली, मग मला त्रास होतोय हे कुणाला सांगू?’ तिच्या वाट्याला ब्युप्रोपिऑन कधी येणार नाही. म्हणून मला धाकट्या बहिणीचं पटतं. गोळी बदला, गोळी बदला हे फार बोललं की आमच्या बाईला वाटेल आपली गोळी वाईटच आहे, आणि ती सोडेल.

शाळाबाई

आशाताई, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. गोळी निवडता येणं ही माझी सोय आहे हे मी धरूनच चालले होते. ‘बदलण्याचा विचार झाला पाहिजे’ हे मी सगळ्यांना लागू करून लिहिलं, ते तसं लिहायला नको होतं.

पण वजनकाटा तुमच्याकडे आहे ना? गरोदर बायांना, बाळांना तुम्ही वजन करताच. त्या बाईला दर महिन्याला त्याच काट्यावर उभं करा, आकडा तिच्या कागदावर लिहा. पुढच्या वेळी ती जिल्ह्याला जाईल तेव्हा ‘सुधारली’ म्हणणाऱ्यांपुढे तिच्या हातात काहीतरी असेल. कोरडं तोंड आणि गुडघेही लिहा. डॉक्टर निदान डोस तरी बघतील.

धाकट्या बहिणी, तुझ्या भावाचं वाचून छातीत धस्स झालं. मीही तेच केलं होतं, फक्त माझ्या दिवाळीचा शेवट तिथे झाला नाही. म्हणूनच आपण दोघी एकाच गोष्टीला घाबरतोय असं मला वाटतं. तू म्हणतेस बोललं तर सुटेल, मी म्हणते न बोलल्याने सुटली. मंगळवारी माझी डॉक्टरांची वेळ आहे. ४७, ५२, ६१ आणि साखरेचे दोन आकडे कागदावर लिहून नेणार आहे. चोरून सोडली होती हेही पहिल्यांदाच सांगणार आहे. गोळी तोवर चालू, पूर्ण डोस. आणि हे कुणी पहाटे तीनला वाचत असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन २४ तास चालू असतो, मराठीत बोलतात.

धाकटी बहीण

तुमचं उत्तर काल रात्री भावाला वाचून दाखवलं. मला म्हणाला, ‘तू मला गोळी घेतलीस का हे रोज विचारायचीस, वजनाचं एकदाही विचारलं नाहीस. चिडवतात ते सांगायला कुणीच नव्हतं.’ मला माहीतच नव्हतं.

तरीही पहिल्या दिवशी सांगायला माझा विरोध आहे. पहिल्या दिवशी तो ऐकण्याच्या अवस्थेत नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, घरचं कुणीतरी सोबत असताना सांगावं. मंगळवारी काय झालं ते लिहा, ताई.