मदत हवी आहे: आजोबांच्या वहीतली ‘दादा पायउतार, ३८ सुटले’ ही नोंद कुठल्या सरकारची?

मोरपंखी
नमस्कार. जरा घाईत आहे. आजोबांच्या आठवणींची एक पुस्तिका करतेय, घरच्यांपुरतीच, सव्वाशे प्रती. शनिवारी छापखान्यात फाईल द्यायची आहे आणि एका पानावर अडले आहे. त्यांच्या वहीतली नोंद जशीच्या तशी देते:

‘दादा पायउतार. ३८ सुटले. संघवाले आणि लाल बावटा एका बाकावर. पु. लो. झाले. मन लागत नाही.’

पुढे बऱ्याच पानांनंतर: ‘दु. स. चा निकाल लागेपर्यंत बैठकीला जाणार नाही.’

याचा अर्थ काय? काका एक सांगतात, आत्या दुसरंच. कृपया माहिती असणाऱ्यांनीच सांगा, अंदाज नकोत.

गच्चीवरून
सोपं आहे. अजितदादा. २३ नोव्हेंबर २०१९ ला सकाळी सकाळी शपथ, २६ ला राजीनामा. दादा पायउतार म्हणजे तेच. त्यानंतर महाविकास आघाडी.

वाटसरू६२
नाही हो. ‘३८ सुटले’ म्हणजे जून २०२२, शिंदे आणि त्यांच्यासोबतचे आमदार. सुरत, गुवाहाटी, गोवा. आकडा तेवढ्यातच होता.

गच्चीवरून
२०२२ ला पायउतार झाले ते उद्धव ठाकरे. त्यांना दादा कोण म्हणतं?

वाटसरू६२
आणि २०१९ ला ‘३८’ कुठून आले ते तुम्ही सांगा. भाजप १०५, सेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. यात ३८ कुठे बसतो?

शाईपेन
दोघेही जरा थांबा. धागाकर्त्या ताई, साल द्या. आजोबा कुठल्या पक्षाचे, गाव कुठलं, वहीत या नोंदीच्या आधी-नंतर काय आहे? एवढ्याशा मजकुरावर कोण काय सांगणार?

मोरपंखी
अहो, आजोबा १९९१ सालीच गेले! २०१९ आणि २०२२ कुठून आणलंत? पक्ष म्हणाल तर समाजवादीच. राष्ट्र सेवा दलातले, नाशिक जिल्ह्यात शिक्षक होते. आणीबाणीत आत होते. नोंदीवर फक्त ‘१९, बुधवार’ लिहिलंय, महिना-साल नाही.

सांगोलेकर
हे आधी सांगितलं असतंत तर वीस प्रतिसाद वाचले असते. १९ जुलै १९७८, बुधवार. आदल्या दिवशी, १८ जुलैला शरद पवारांनी शपथ घेतली. दादा म्हणजे वसंतदादा पाटील. पु. लो. म्हणजे पुरोगामी लोकशाही दल, पुलोद.

आणि लाल बावटा म्हणजे कम्युनिस्टच असं धरू नका. आमच्या सांगोल्यात लाल बावटा म्हटलं की शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. गणपतराव देशमुख पुलोदमध्ये मंत्री झाले. तोच माणूस पुढे १९९९ ला विलासरावांच्या मंत्रिमंडळातही होता. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार. बावटा एकदाही बदलला नाही, सोबतचे मात्र दर वेळी वेगळे. आम्ही लहानपणी त्यांना एसटीने मुंबईला जाताना पाहिलंय, हातात एक पिशवी.

शाईपेन
१८ जुलै बरोबर. आता थोडा पाया भरून देतो, तळटीप लिहायला उपयोगी पडेल.

जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस फुटली: एक इंदिराबाईंची, एक ब्रह्मानंद रेड्डींची. फेब्रुवारीत विधानसभा निवडणूक. २८८ पैकी जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९, इंदिरा काँग्रेसला ६२. जनता सगळ्यांत मोठा, पण बहुमत कुणालाच नाही. मग एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेस जनताला दूर ठेवण्यासाठी एकत्र आल्या. वसंतदादा मुख्यमंत्री, इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री, राज्याचे पहिलेच. दोघांचं एक दिवसही जमलं नाही. जुलैत अधिवेशन सुरू असतानाच पवार आपले आमदार घेऊन बाहेर पडले आणि सरकार कोसळलं. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, तेव्हा अडवणारं काही नव्हतं.

जनता पक्षात समाजवादीही होते आणि जनसंघवालेही. पुलोदच्या मंत्रिमंडळात हशू अडवाणी, उत्तमराव पाटील ही जनसंघाची माणसं होती. ‘संघवाले आणि लाल बावटा एका बाकावर’ म्हणजे हेच.

वाटसरू६२
मग माझं ३८ बरोबरच होतं, फक्त साल चुकलं. पवारांबरोबर ३८ आमदार फुटले.

गच्चीवरून
कोणी ३८ म्हणतं, कोणी ४०. आणि ३८ हे पवारांचं वयही सांगतात, अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री. आजोबांना वय म्हणायचं असेल तर?

शाईपेन
जन्म १२ डिसेंबर १९४०. म्हणजे शपथेच्या दिवशी ३७ पूर्ण, अडतिसावं चालू. पण नोंदीत ‘३८ सुटले’ आहे. वय सुटत नाही, आमदार सुटतात.

मोरपंखी
धन्यवाद, पण ‘दु. स.’ राहिलंच की! खरा अडसर तोच आहे. काकांचं म्हणणं, दु. स. म्हणजे ‘दुय्यम समिती’, आजोबांना गावच्या समितीत घेतलं नाही म्हणून ते रुसले. आणि काकांनी मसुद्यात लिहिलंय की १९८० नंतर आजोबा भाजपमध्ये गेले. आत्या म्हणते कधीच नाही. छापून गेल्यावर ते तसंच राहणार.

डाळिंब
ताई, आणीबाणीत आत होते म्हणताय ना? मग मानधनाचा अर्ज केलाय का? राज्य सरकारची योजना २०१८ ला सुरू झाली, २०२० ला आघाडी सरकारने बंद केली, २०२२ ला परत सुरू झाली. जोडीदारालाही मिळतं. तुरुंगातला दाखला काढून कलेक्टर कचेरीत चौकशी करा. आमच्या शेजारच्या काकूंनी चिकाटीने काढून घेतलं.

मोरपंखी
आजी २००४ ला गेली. आणि माझा प्रश्न मानधनाचा नाही हो.

जुनी_पावती
मी ७४ वर्षांचा आहे, त्या काळात जनता पक्षाचं काम केलंय. दु. स. म्हणजे दुहेरी सदस्यत्व. आमच्यातल्या कुणालाही विचारा, दुसरा अर्थ निघणार नाही.

जनता पक्ष म्हणजे चार पक्षांनी १९७७ साली घातलेला एक संसार. समाजवाद्यांचं म्हणणं असं, की पक्ष एक केला ना, मग जनसंघातून आलेल्यांनी संघाशी नातं ठेवू नये. मधु लिमयांनी ते लावून धरलं. जनसंघवाले म्हणत, संघ हा काही राजकीय पक्ष नाही, सोडायचं कशासाठी? यात जुलै १९७९ मध्ये मोरारजींचं सरकार गेलं. एप्रिल १९८० ला पक्षाने दुहेरी सदस्यत्व चालणार नाही असं ठरवलं आणि ६ एप्रिलला भारतीय जनता पक्ष निघाला.

बाहेरून पाहणाऱ्याला हा शब्दांचा खेळ वाटेल. आमच्यासाठी नव्हता. ज्यांच्याबरोबर मी नाशिकरोडच्या तुरुंगात एका ताटात जेवलो, ज्यांनी माझ्या तापात रात्रभर डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, त्यांनाच बैठकीत विचारायचं, की बाबा तू नक्की कुणाचा? मी विचारलं. आजही ते बरोबर होतं असं मानतो, पण झोप लागली नाही. तुमच्या आजोबांनी बैठकीला जाणं सोडलं ते रुसून नाही.

वाटसरू६२
पण शेवटी झालं काय? जॉर्ज फर्नांडिस १९९८ नंतर वाजपेयींचे संरक्षणमंत्री आणि भाजपच्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे (रालोआ) निमंत्रक. सगळे समाजवादी शेवटी तिकडेच गेले. काका बरोबर असू शकतात.

जुनी_पावती
सगळे? मृणालताई गोरे गेल्या का? मधु दंडवते गेले का? एका जॉर्जवरून हजारो साध्या कार्यकर्त्यांचा हिशेब करू नका.

वाटसरू६२
दंडवते १९८९ च्या व्ही. पी. सिंग सरकारात अर्थमंत्री होते. त्या सरकारला भाजपचाही बाहेरून पाठिंबा होता आणि डाव्यांचाही. म्हणजे परत तोच बाक.

जुनी_पावती
पाठिंबा घेणं आणि पक्ष बदलणं यात फरक आहे. १९९० मध्ये लालकृष्ण अडवाणींची रथयात्रा अडवली, पाठिंबा गेला, सरकार गेलं. सरकार वाचावं म्हणून रथ जाऊ दिला, असं केलं नाही. फरक तिथे दिसतो.

गच्चीवरून
विचारसरणी वगैरे सगळं सत्तेपुरतं असतं. भाजपनेही १९८० च्या मुंबई अधिवेशनात गांधीवादी समाजवाद घेतला होता. राष्ट्रवादी जून १९९९ मध्ये सोनियांच्या परदेशी जन्मावरून निघाली आणि ऑक्टोबरमध्ये काँग्रेससोबत सरकारात. गोव्यात २०१७ ला गोवा फॉरवर्ड भाजपविरुद्ध लढला आणि निकालानंतर पर्रीकरांना मुख्यमंत्री करायला गेला.

शाईपेन
सगळं एकाच मापाने मोजू नका. पुलोदचं सरकार फेब्रुवारी १९८० पर्यंत, इंदिराबाईंनी बरखास्त करेपर्यंत, चाललं. दिल्लीत दुहेरी सदस्यत्वावरून पक्ष चिरला जात असताना मुंबईत जुने जनसंघवाले आणि शेकाप एका मंत्रिमंडळात काम करत होते. आघाडीत माणूस किती वाकतो हे खुर्चीवरून नाही, ती आघाडी काय काम करते त्यावरून बघावं.

गोदाकाठ
ताई, एक विचारू का? वहीत त्या नोंदीच्या नंतर, जुलैच्याच शेवटी काही लिहिलंय का? विद्यापीठाबद्दल?

मोरपंखी
हो, आहे. मला त्याचा संबंध वाटला नाही म्हणून लिहिलं नाही. ‘२७ ला ठराव झाला. बाक कसाही असो, हे झाले.’ खाली वेगळ्या शाईत: ‘मराठवाड्यातून वाईट बातम्या. मुलांना वर्गात काय सांगू?’

गोदाकाठ
मग साल पक्कं झालं. २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. पुलोद येऊन नऊ दिवस झाले होते. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या गावातली चौदा घरं आठवडाभर शाळेच्या दोन खोल्यांत झोपत होती. माझी आई दाराला आतून पाटा लावायची, मसाला वाटायचा तोच. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं.

तुमच्या आजोबांनी ‘बाक कसाही असो, हे झाले’ लिहिलंय ना, ती ओळ पुस्तिकेत घ्याच. आमच्याकडे त्या दिवसांत असं लिहिणारा शिक्षक नव्हता.

मोरपंखी
वाचून हात थांबला. ही ओळ मसुद्यात नव्हतीच. आता घेते.

जुनी_पावती
एक करा. वहीचं कव्हर काढून बघा. आम्ही सभासदत्वाच्या पावत्या वहीला घातलेल्या खाकी कागदाच्या आत सरकवून ठेवायचो. १९८० नंतरची पावती निघाली तर काकांचा प्रश्न तिथेच मिटेल.

टिपकागद
कव्हर ओढून काढू नका!! आधी मोबाईलने प्रत्येक पानाचे दिवसाच्या उजेडात फोटो घ्या, फ्लॅश बंद ठेवा. चिकटपट्टी अजिबात लावू नका, पिवळी पडते.

मोरपंखी
फोटो घेतले. कव्हर आत्याने सुरीच्या पात्याने हळूच सोडवलं. आत दोन पावत्या निघाल्या. एक जनता पक्षाची, १९७७ ची, एक रुपया. दुसरी वाळवीने खाल्लेली, वर नुसतं ‘...नता पक्ष’ उरलंय आणि साल गेलंय. काका म्हणतात हे ‘भारतीय जनता पक्ष’ असणार, आत्या म्हणते ‘जनता पक्ष’. दोघे काल रात्रीपासून बोलत नाहीत.

शाईपेन
‘नता’च्या डावीकडे किती जागा आहे? ‘भारतीय’ मावेल एवढी कोरी किंवा खाल्लेली पट्टी आहे का? आणि पहिल्या पावतीच्या शेजारी ठेवून बघा, अक्षरांची ठेवण आणि कागदाचा रंग एकच आहे का?

मोरपंखी
डावीकडचा कोपराच नाही. कागद दोन्ही गुलाबी आहेत, पण दुसरा जास्त फिका.

काकांशी आज सकाळी बोलले. ‘भाजपमध्ये गेले’ हे वाक्य त्यांनी मसुद्यातून काढलं, पण ‘नाही गेले’ असंही लिहू देत नाहीत. तेव्हा त्या पानावर आजोबांच्या तिन्ही नोंदी तशाच छापतेय. खाली तारखा आणि दु. स., पु. लो. यांचे अर्थ, बस. जुनी_पावती काका, तळटीप लिहून इथे टाकते, छापखान्यात देण्याआधी एकदा नजर घालाल का? उद्या दुपारपर्यंत.

जुनी_पावती
टाका. मी जागाच असतो.