पाच सुरांची ओढ: उपजत की सवयीची?

षड्जपंचम
२००९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक विज्ञान महोत्सवात गायक बॉबी मॅकफेरिन यांनी मंचावर उड्या मारत प्रेक्षकांना गायला लावलं. इथे उडी मारली की हा सूर, शेजारी मारली की तो, एवढंच शिकवलं. मग ते तिसऱ्या जागी गेले आणि अख्ख्या सभागृहाने न सांगता पुढचा सूर लावला. त्यानंतरचेही लावले. ते सगळे पाचसुरी सप्तकातले, आपल्या भूप रागाच्या कुळातले. माझं ठाम मत आहे की ही ओढ माणसात उपजत आहे.

षड्जापासून, म्हणजे सा पासून, पंचमा-पंचमाने (सा ते प एवढ्या अंतराने) चालत जा: सा, प, रे, ध, ग. प्रत्येक पावलाला कंपनसंख्यांचं ३:२ हेच गुणोत्तर. हे सूर एका सप्तकात आणले की भूप तयार. सहावा सूर नि येतो आणि वरच्या सा ला खेटून बसतो. अर्धस्वराचं, म्हणजे सप्तकातलं सगळ्यात लहान अंतर पहिल्यांदा तिथे दिसतं. पाचावर थांबलात तर कोणताच सूर दुसऱ्याला टोचत नाही. प्राचीन चीनमध्ये सूर देणाऱ्या नळीची लांबी एक तृतीयांशाने कमी-जास्त करत लोक याच पाच सुरांवर पोचले. स्कॉटलंडच्या लोकगीतांत ते आहेत, अँडीज पर्वतातल्या बासऱ्यांत आहेत. यांनी एकमेकांची नक्कल केली असेल का?

मंद्र निषाद
असहमत. जावाच्या गॅमेलान या वाद्यवृंदातली स्लेंद्रो ही सुरांची मांडणी बघा. सूर पाचच, पण जवळजवळ समान अंतरावर. तुमचा ३:२ चा चोख पंचम तिथे सहसा सापडत नाही, आणि प्रत्येक वाद्यसंचाची जुळणी थोडी वेगळी असते. कोतो या जपानी तंतुवाद्याच्या हिराजोशी जुळणीत पाच सुरांत दोन ठिकाणी अर्धस्वराचं अंतर आहे. म्हणजे ‘टोचणारे’ सूर तिथल्या लोकांनी आवडीने ठेवले. पाच हा आकडा समान आहे, सूर नाहीत.

मॅकफेरिन यांचा प्रयोग मलाही आवडतो. पण त्या सभागृहातले लोक लहानपणापासून तसलंच संगीत ऐकत आले होते. २०१६ साली बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याला सुसंवादी वाटणारे आणि कर्कश वाटणारे स्वरमेळ त्यांना सारखेच गोड वाटले. मग उपजत काय उरलं?

जवारी
तंबोरा लावून बसा. चांगली जवारी (तारेला घुमारा देणारी घोडीची घडण) असेल तर खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून गंधार (ग) आपोआप ऐकू येतो, पंचम तर येतोच. सूर निसर्गातच आहेत, सवयीचा प्रश्न कुठे येतो?

मंद्र निषाद
@जवारी, तो गंधार ५:४ चा. पंचमांच्या साखळीतून येणारा ८१:६४ चा, किंचित चढा. दोन्ही गंधार एकच नाहीत, हे तुमचा कानच सांगेल. आणि धैवत, म्हणजे ध? साखळीतला धैवत तारेच्या थेट सत्ताविसाव्या स्वयंभू स्वरात (मूळ सुराच्या सत्तावीसपट कंपनांच्या सुरात) आहे. तो कोणाच्या कानाला ऐकू येतो?

आरोही
तुम्ही दोघंही सुरांची यादी मोजताय. भूप आणि देशकार हे राग घ्या. पाचही सूर तेच. भूपात गंधारावर विसावा, देशकारात धैवतावर, आणि चालही उत्तरांगाची, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागातली. मला भूप शांत करतो, देशकार उठवून बसवतो.

भूपाचेच सूर घेऊन षड्ज सरकवत जा. ऋषभाला (रे) सा माना, मधमाद सारंग हा राग मिळतो. गंधाराला माना, मालकंस. पंचमाला दुर्गा, धैवताला धानी. सुरांमधली अंतरं तीच, तरी मालकंसाचं गांभीर्य दुर्गेत शोधून सापडणार नाही. नुसत्या सप्तकात जादू असती तर हे पाचही राग एकाच भावाचे वाटले असते. माणूस कुठे थांबतो आणि सुराकडे कसा जातो, यातून गाणं होतं. शिकवताना मी हे रोज अनुभवते: पाच सूर पहिल्याच दिवशी गळ्यात बसतात, भूप बसायला वर्षं लागतात.

षड्जपंचम
@आरोही, हे मान्य, आणि मी ‘भूप तयार’ म्हणालो ते चुकलंच. भूपाचं सप्तक म्हणायला हवं होतं. @मंद्र निषाद, त्सिमाने लोकांचा मुद्दा एकत्र वाजणाऱ्या सुरांचा आहे. मी एकामागून एक येणाऱ्या सुरांबद्दल बोलतोय, आणि तिथे मी माझं म्हणणं सोडत नाही. पहिल्याच दिवशी गळ्यात बसतात ते हेच पाच का, याचं उत्तर सवयीतून मिळत नाही.

मंद्र निषाद
पहिल्या दिवशी बसतात कारण अंतरं मोठी आहेत, चुकायला जागा कमी. ही सोय झाली. हिराजोशी ऐकत वाढलेल्या मुलाच्या गळ्यात काय आधी बसतं ते पाहायला हवं.