शिव्या वजा केल्यावर काय उरते?
‘द इनबिट्वीनर्स’ या शाळकरी मुलांवरच्या ब्रिटिश विनोदी मालिकेतून शिव्या वजा केल्या तर काहीच उरत नाही, असे मत या मालिकेवरच्या चर्चेत मांडले गेले; ते मला अर्धेच पटते. मालिका अश्लील आहे याविषयी वाद नाही. तिच्यातल्या ‘जे’ नावाच्या बढाईखोर मुलाच्या तोंडची कित्येक वाक्ये घरच्यांसमोर ऐकवत नाहीत. परंतु तो जितका अश्लील बोलतो तितका तो धडधडीत खोटे बोलत असतो, आणि हे प्रेक्षकाला पक्के ठाऊक असल्यामुळे हसू येते ते शिवीचे नव्हे, तर त्या बढाईमागच्या अननुभवाचे. शिवाय निवेदन करतो विल, जो आईवडिलांच्या घटस्फोटानंतर खासगी शाळा सोडून साध्या सरकारी शाळेत आलेला आहे; त्याची पुस्तकी, नीटनेटकी भाषा आणि समोर चाललेली फजिती यांतील अंतर हाच मालिकेचा खरा विनोद आहे.

मालिकेतल्या गिल्बर्ट सर या शिक्षकाचा उल्लेख मात्र या चर्चेत अजून कोणीच केलेला नाही. ती भूमिका करणारे ग्रेग डेव्हिस विनोदाकडे वळण्यापूर्वी सुमारे १३ वर्षे खरोखरच माध्यमिक शाळेत शिक्षक होते, आणि वर्गाला वैतागलेल्या माणसाचा तो थंड तुच्छतेचा स्वर (आमच्याही शाळेत असे एक सर होते) मला तरी निव्वळ अभिनयाचा वाटत नाही. एमटीव्हीने २०१२ मध्ये काढलेली अमेरिकी आवृत्ती एका हंगामातच बंद पडली. अश्लीलता तिच्यातही होती; ब्रिटिश शाळेतला तो ओशाळलेला, कोंदट संकोच तेवढा नव्हता.