जुन्या छळाचा पुरावा स्वसंरक्षणाच्या बचावात कितपत चालावा?

कायदेकानू: वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या बाईच्या हातून नवरा मेला, की आधीचा छळ कोर्टासमोर येऊ द्यावा का, हा वाद उठतोच. माझ्या मते यायलाच हवा, आणि नुसता शिक्षेच्या वेळी दयेसाठी नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 40 प्रमाणे खासगी बचावाचा, म्हणजे स्वसंरक्षणाचा हक्क घाव पडल्यावर सुरू होत नाही. प्रयत्नातून किंवा धमकीतून धोक्याची वाजवी भीती वाटली, की सुरू होतो. 'दाराला कडी घाल' या तीन शब्दांनंतर दरवेळी काय घडायचं, हे न्यायाधीशाला ठाऊक नसेल तर भीती वाजवी होती की नाही हे तो ठरवणार कशावरून?

सरकारपक्ष: असहमत. कलम 37 सोयीस्करपणे गाळलंत. पोलिसांकडे जायला वेळ होता तिथे हा हक्कच नाही. झोपलेल्या नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घातला, तर प्रयत्न कुठे नि धमकी कुठे? शिवाय जो छळ तुम्ही सिद्ध कराल तोच मी साक्ष्य अधिनियमाच्या कलम 6 खाली खुनाचा हेतू म्हणून वाचून दाखवीन. आणि मेलेल्याची बाजू मांडायला कोणी पिंजऱ्यात येत नाही.

उलटतपास: झोपलेल्याबाबत मान्य. तिथे निव्वळ स्वसंरक्षणाचा हट्ट धरला की हातचंही जातं. वाट आहे ती न्याय संहितेच्या कलम 101 च्या अपवादांतून, ज्यांत बसलं की गुन्हा खुनाचा राहत नाही, सदोष मनुष्यवधाचा होतो. गंभीर व अचानक प्रक्षोभासाठी मृताच्या आधीच्या कृत्यांनी घडलेली मनःस्थिती पाहता येते, हे सुप्रीम कोर्टाने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटींच्या खटल्यातच (1961) सांगितलंय. (नानावटींना स्वतःला फायदा झाला नाही, प्रकरण कळणं आणि गोळीबार यांच्यामध्ये सुमारे तीन तास गेले होते.) झटापट चालू असताना मर्यादा ओलांडली गेली असेल तर अपवाद 2. गुवाहाटी उच्च न्यायालयाने 2013 मध्ये दीर्घ छळ विचारात घेऊन जुन्या दंड संहितेच्या 302 (खून) ची शिक्षा 304 (सदोष मनुष्यवध) वर आणली होती.

पण खरी पडझड कागदांत होते. केसपेपरवर 'जिन्यावरून पडली' लिहिलेलं असतं आणि बचाव पक्ष तोच कागद दाखल करतो. अशा वेळी डॉक्टरलाच साक्षीला बोलवून विचारावं लागतं, दंडावरचे बोटांचे वळ पडल्याने उठतात का? एनसीने (पोलिसांतली अदखलपात्र नोंद) फक्त तक्रार केल्याचं दिसतं, इजा दिसते एमएलसीत (दवाखान्यातली वैद्यकीय-कायदेशीर नोंद). दोन्हींच्या तारखा जुळायला हव्यात. व्हॉट्सअॅपच्या प्रिंटला साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र नसेल तर हरकत ठरलेली. अटकेनंतर आरोपीच्या अंगावरचे वळ लगेच नोंदवून घ्या, आठवड्याभरात ते पिवळे पडून विरू लागतात.

आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 351 च्या जबाबात, जिथे न्यायाधीश आरोपीलाच पुराव्याबद्दल विचारतो, प्रत्येक प्रश्नाला 'खोटं आहे' म्हणायचं, मग युक्तिवादात स्वसंरक्षण काढायचं! कायद्याने बंदी नाही, पण घटनाच नाकारल्यावर भीतीची हकीकत सांगणार कोण?

सरकारपक्ष: कागद असले तरी तीन वर्षांपूर्वीची एमएलसी त्या रात्रीची भीती सिद्ध करत नाही.

उलटतपास: एकटी नाही करत. पण साक्ष्य अधिनियमाच्या कलम 108 खाली आरोपीवरचा सिद्ध करण्याचा भार तुमच्याइतका जड नाही, संभाव्यतेचं पारडं झुकलं की पुरे, तेही तुमच्याच साक्षीदारांच्या तोंडून चालतं. शेजाऱ्याला उलटतपासात विचारायचं: दार आतून बंद झाल्यावर आधी काय काय ऐकू यायचं, आणि त्या रात्री काय ऐकू आलं? मात्र 'असंच घडलं ना?' अशी वकिलाने सुचवलेली गोष्ट त्याने नाकारली तर ती सूचना म्हणजे पुरावा नव्हे. नवे वकील इथेच फसतात.

सरकारपक्ष: तेवढ्यापुरता आक्षेप नाही. त्या रात्रीशी जुळणारा छळ आणा. सासूशी झालेली भांडणं, पगार न देणं, हे सगळं ओतलंत की मी कलम 6 काढणारच.