४८ व्या वर्षी जुनी पद्मिनी घ्यावी का? सोलापुरात कोणी ठेवलीय का?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत घराचं कर्ज फिटलं, मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तेव्हापासून डोक्यात एकच बसलंय, प्रीमियर पद्मिनी घ्यायची. वडील मिलच्या साहेबांची फियाट (पद्मिनीलाच सगळे फियाट म्हणायचे) चालवायचे, रविवारी गाडी धुवायला मला सोबत न्यायचे. स्टिअरिंगजवळचा तो हँड गिअर एकदाच माझ्या हातात दिला होता, गाडी बंद असताना, मी ७-८ वर्षांचा असेन, ती मूठ अजून हाताला आठवते. वडील आता ७९ चे आहेत.

बार्शीकडं एका घरात १९८६ ची पद्मिनी आहे, क्रीम कलर, हँड गिअरचीच. त्यांचे आजोबा गेले तेव्हापासून म्हणजे ६-७ वर्षं शेडमध्ये उभी. १ लाख ४० हजार सांगतायत, आलात की चालू करून दाखवतो म्हणाले. बायकोचा विरोध नाही पण ती म्हणते घरात एक गाडी आहे, ही नुसती झाकून ठेवणार असशील तर नको, आणि ते मला पटतं. सगळं मिळून बजेट ३ लाख. काय बघून घेऊ?

सातरस्ता_अप्पा
मालक, मी ३० वर्षं गॅरेज चालवतोय, पहिली गोष्ट म्हणजे त्यांना आत्ताच फोन करा आणि सांगा की मी येईपर्यंत गाडीला चावी लावू नका. ६-७ वर्षं उभ्या इंजिनला एकदम स्टार्टर मारला की कोरडे रिंग सिलेंडर घासतात. आधी चारही प्लग काढायचे, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, मग हातानं फिरवून बघायचं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकायचं, त्याचा डिंक झालेला असतो.

इंजिनचं फार टेन्शन घेऊ नका, १०८९ सीसीचं साधं कार्बोरेटरचं इंजिन आहे, आपल्याकडं जुने मिस्त्री अजून करतात. खरा पैसा जातो पत्र्यात. या गाडीला खाली वेगळी चेसिस म्हणजे लोखंडी सांगाडा नसतो, बॉडीच सगळं वजन पेलते, म्हणून खालचा पत्रा सडला की गाडीची कंबरच मोडली समजा. मॅट उचला, ड्रायव्हरच्या पायाखाली आणि दाराखालच्या पट्टीवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोर लावून दाबा. टणक लागलं तर ठीक, भसकन आत गेलं तर १ लाख ४० सोडाच, ५० हजार पण देऊ नका. लोहचुंबक न्या, जिथं चिकटत नाही तिथं पुट्टी भरलीय. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर तो खरवडून बघितल्याशिवाय उठू नका. एक बरं आहे, आपल्या कोरड्या हवेत गाड्या मुंबई-कोकणापेक्षा कमी गंजतात, त्यामुळं बार्शीच्या शेडमधली गाडी बघायला जायला नक्कीच हरकत नाही.

आणि रबर. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, जुने पाइप आणि पंपाचा पडदा त्यात फुगतो, ते सगळं पहिल्याच दिवशी नवीन टाका. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३ वर गेला की पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, ओलं फडकं पंपावर ठेवायचं, दहा मिनिटं थांबायचं. माझ्याकडं येणारे फियाटवाले बाटली आणि फडकं डिकीतच ठेवतात.

कागदपत्र_बघा
गाडी छान असेल पण आरसी कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या असेल तर आधी वारसाच्या नावावर होणार, फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती, मग २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. हे व्हायच्या आधी पूर्ण पैसे देऊ नका. पासिंग म्हणजे रजिस्ट्रेशनची मुदत संपलेली असणारच. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्याची फी २०२२ मध्ये ५ हजार झाली आणि २० वर्षांवरच्या कारला २०२५ मध्ये १० हजार केली, वर पर्यावरण कर आणि उशिराचा दंड वेगळा. काही जण तुम्हाला म्हणतील व्हिंटेज गाडी म्हणून नोंदवा, ते ऐकू नका. २०२१ चा तो नियम ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला आहे, आणि त्या नंबरवर रोज चालवता पण येत नाही. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला बंदी केली तसं आपल्याकडं नाही, रिन्यू होतं, फक्त इंजिन नंबर आणि चेसिस नंबर स्वतः घासून आरसीशी ताडून बघा.

अक्कलकोटरोडची_ताई
दादा, मी तुमच्या बायकोच्या जागी आहे म्हणून लिहिते. आमच्याकडं अँबॅसडर आहे, ह्यांनी ४५ ला घेतली. डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं दोन महिने सांगून ११ महिने लावले, पैसे आधीच सगळे दिले होते म्हणून बोलता पण येईना. तुम्ही कामाचे पैसे टप्प्याटप्प्यानं द्या. पण आता दर गुरुवारी पहाटे आम्ही दोघं तिच्यातूनच अक्कलकोटला जातो स्वामींच्या दर्शनाला, ठरवूनच टाकलंय, त्यामुळं बॅटरी उतरत नाही, ब्रेक जाम होत नाहीत, आणि आमचं निवांत बोलणं पण होतं. तुम्ही पण जायचा एक दिवस आणि रस्ता आधी ठरवा.
बाकी एक सांगते, ज्यांनी प्रीमियर कंपनी काढली ते वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचेच, १८८२ चा जन्म इथला. गाडी बनली कुर्ल्यात पण मला ती आपलीच वाटते.

जुळेसोलापूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो, वडिलांना पण नेलं. चावी लावू दिली नाही. ड्रायव्हरकडचा पत्रा टणक आहे, दाराखालच्या पट्ट्या पण. डिकीत स्टेपनीच्या खाली मात्र तळहाताएवढा सडलाय, बोटानं पापुद्रे निघाले. नंबर जुळले. आरसी आजोबांच्याच नावावर, पासिंग २०१६ ला संपलंय. हे सगळं दाखवल्यावर १ लाख ५ हजारला तयार झाले, ५ हजार टोकन दिलं, उरलेले वारस नोंद झाल्यावर.
वडील आत बसले. काही बोलले नाहीत, क्लच दाबला, गिअर न बघता एकेक टाकून बघितला आणि म्हणाले, दुसरा जरा अडतोय, लिंकेजला ऑइल लागेल. बाकी कशाला काही म्हणाले नाहीत.
अप्पा, गाडी टोचन करून आणू का?

सातरस्ता_अप्पा
टोचन अजिबात नको मालक, चारही चाकांचे ड्रम धरलेले असतील, ७० किलोमीटर फरफटत येईल. ४०७ टेम्पो सांगा, फळ्या लावून वर चढवा. वडिलांना घेऊन गॅरेजला या, दुसऱ्या गिअरचं त्यांच्यासमोरच खोलू.